सतरा नंबरचा बिल्ला

१८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

धाकटे,

पत्र फाडायच्या आधी एवढं एक वाक्य वाच. ह्या वेळी मी सगळ्यांचा निरोप घेऊन आले. अगदी रीतसर, एकेकाच्या गळ्यात पडून, रडून, नाक पुसून. आता फाडायचं तर फाड.

सहा वर्षांत तुला बारा पत्रं लिहिली. दर हंगामाला दोन, डोंगर चढताना एक आणि उतरताना एक. तुझं उत्तर एकाचंही नाही. पण एकही पत्र परत आलेलं नाही, म्हणजे घेतेस तरी. का पोस्टमनच घरी नेऊन वाचतो कोण जाणे. वाचत असेल तर त्याला माझा नमस्कार सांग.

आत्ता मी डोंगराच्या पायथ्याच्या गावात आहे, बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि न लागणारी खिडकी. दाढ ठणकतेय आणि दातांचा डॉक्टर इथे फक्त सोमवारी येतो, म्हणून मुक्काम. ती काढली की पुढचं बघू.

यंदाचं काम वरच्या पायवाटा दुरुस्त करायचं होतं. वर कड्याजवळ फिरायला येणाऱ्यांसाठी एक दगडी विश्रामघर आहे. खाली आमच्या राहायच्या खोल्या आणि माझं स्वयंपाकघर. मधे सामान आणि माणसं वाहणारा रोपवे. एप्रिलात बर्फ वितळलं की तीसेक माणसं गोळा होतात आणि ऑक्टोबरात पुन्हा बर्फ पडायच्या आत पांगतात. मी त्या तिसांना रांधून घालते आणि तिसांनाही धाकात ठेवते, म्हणून मला तिथे सगळे 'सरकार' म्हणतात. हसू नकोस. लहानपणी तूही मला काय काय म्हणायचीस ते मी लिहीत नाही.

तर निरोपाचं सांगते. आई गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, "ताई, तू माणसांतून चोरासारखी उठून जातेस." खरंच होतं ते. आजारी आईला न उठवता मी पहाटेची बस पकडली होती, कारण ती रडली असती आणि मग माझा पाय निघाला नसता. महिन्याभरानं परत आले तेव्हा उठवायला आईच नव्हती. तुझं ते वाक्य सहा वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसलंय. म्हणून यंदा ठरवलं, निरोप असा घ्यायचा की लोकांनी नाव काढावं.

रोपवेच्या खालच्या यंत्रघराच्या भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी, एक वरची, एक खालची. प्रत्येकाचा पत्र्याचा एक बिल्ला, त्यावर नंबर. डोंगरावर जायचं तर आपला बिल्ला खालच्या ओळीतून काढून वरच्या ओळीत लावायचा. उतरलं की परत खाली. पाळणे दिवसभर फिरतच असतात आणि कोण कधी चढलं हे आत बसलेल्या ऑपरेटरला दिसत नाही, म्हणून ही फळी. वरच्या ओळीत एक जरी बिल्ला असला, तरी त्यानं यंत्र बंद करायचं नाही. मुकादम पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम देतो, "बायकोला विसरलात तरी चालेल, बिल्ल्याला विसरू नका."

मी काय केलं, काल दुपारी जेवणाआधी गुपचूप सगळे बिल्ले काढून आणले. महिनाभर लाल लोकरीचे गोफ विणून ठेवले होते. एकेका बिल्ल्याला एकेक गोफ बांधला आणि ज्याच्या त्याच्या ताटाशेजारी ठेवला, आठवण म्हणून घरी न्यायला. अगं, काय धमाल उडाली! दगड फोडणारे ते दांडगे बाप्ये, गळ्यात बिल्ले घालून शाळेतल्या पोरांसारखे मिरवत होते. मुकादमानं कपाळाला हात लावला, म्हणाला, "सरकारपुढे कोण बोलणार! पुढच्या वर्षी नवे करू." ऑपरेटर तर रडलाच. आमची धोबीण, जिला आम्ही भोंगा म्हणतो कारण तिची कुजबुज दुसऱ्या डोंगरावर ऐकू जाते, तिनं मला उचलून गिरकी मारली. मी सगळ्यांना म्हणाले, सुखी राहा, भांडू नका, पाय कोरडे ठेवा.

फक्त एकानं घात केला. मुनीनं.

मुनी म्हणजे दोराचं बघणारा. रोपवेचे दोर ओवायचे, कप्प्यांना वंगण घालायचं, हे त्याचं काम. बावीस हंगाम करतोय. दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो, म्हणून मुनी. आठवडाभर म्हणत होता, "मला ते निरोप-बिरोप जमत नाही. मी आपला सटकेन." आणि सटकला! जेवायला आलाच नाही. सकाळच्या दुधाच्या गाडीनं गेला असणार. सहा महिने रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ज्यानं बटाटे सोलले, मी बडबडायची आणि ज्यानं ऐकायचं, त्यानं जाताना साधं "बरंय" म्हणू नये? मला इतका राग आला म्हणून सांगू. त्याचा सतरा नंबरचा बिल्ला गोफासकट माझ्या पिशवीत पडलाय. बसू दे बोंबलत.

आणि हो, एक गंमत. चार वाजता आमची बस निघाली. पहिल्या वळणावरून वर पाहिलं तर विश्रामघराच्या ओसरीवर लाल काहीतरी फडफडतंय. भोंगा ओरडली, "अगं बाई, माझी चादर! कुणी वाळत टाकून विसरलं?" मग सगळी बस त्या चादरीला टाटा करायला लागली. "येतो हं चादरबाई! जपून राहा!" मी तर माझी ती पिवळी शाल काढून, खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून, वळण संपेपर्यंत हलवत होते. कंडक्टर ओरडला तेव्हा आत आले. हसून हसून पोट दुखलं.

बघ, असा घेतला निरोप. तू बघायला नव्हतीस म्हणून लिहिलं.

तुझी,
ताई


२० ऑक्टोबर, सोमवार, दुपार

धाकटे,

अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

मुनी वर होता.

तो दुधाच्या गाडीनं गेलाच नव्हता. शुक्रवारी सकाळी वरच्या टाकीतलं पाणी सोडायला आणि खिडक्यांच्या फळ्या ठोकायला तो वर गेला होता. दोन वाजता यंत्र बंद झालं, वीज तोडली, सगळे निघून आलो. वरचा फोन खालच्याच विजेवर चालतो. माणूस शुक्रवार दुपारपासून आज सकाळपर्यंत वर एकटा होता. शनिवारी रात्री बर्फ पडलं. मी इथे खिडकीतून ते बघितलं आणि म्हटलं, वा, आपण वेळेत उतरलो.

भोंगा मघाशी लॉजच्या जिन्यावरूनच किंचाळत आली. मला वाटलं आग लागली. राखणदार आज सकाळी खोल्यांना कुलपं घालायला गेला, तर मुनीच्या खाटेखाली त्याची पिशवी. कपडे, चष्मा, घरची किल्ली, सगळं तसंच. राखणदार शहाणा, त्यानं लगेच मुकादमाला फोन केला. यंत्र चालू करून वर गेले. तो धान्याच्या खोलीत होता, सगळ्या घोंगड्या अंगावर घेऊन. शेगडीचे सिलिंडर आम्हीच गेल्या आठवड्यात खाली आणले होते. जिवंत आहे. इथल्याच दवाखान्यात आणलंय. हातांचं काही खरं नाही म्हणतात.

ती चादर नव्हती गं. म्हणजे चादरच होती. मुनी हलवत होता.

मी हे वाक्य लिहून उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत बसले. तेच वाक्य आहे अजून.

अख्खी बस भरून माणसं. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की वारा नसताना चादर कशी फडफडते.

ऑपरेटरला कामावरून काढलंय, चौकशी होईपर्यंत. वर माणूस असताना यंत्र बंद केलं म्हणून. तो शपथेवर सांगतोय की वरची ओळ रिकामी होती. मुकादम म्हणतो, फळीच रिकामी होती, तर थांबायचं, माणसं मोजायची. भोंगा मला विचारत होती, "सरकार, पण मुनी बिल्ला लावायला विसरेल का गं? तो?" मी म्हटलं, "काय माहीत." दाढ ठणकत होती, जास्त बोलता येत नव्हतं. कुणाचा तरी हलगर्जीपणा झाला असणार. अशा गोष्टी होतात.

डॉक्टरकडे गेलेच नाही. दाढ आहे तशीच आहे.

ताई


२२ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

धाकटे,

काल दवाखान्यात गेले. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खाटा, फिनेलचा वास. मुनी शेवटच्या खाटेवर, खिडकीशी. दोन्ही हात पांढऱ्या गठ्ठ्यांत. नर्स म्हणाली, उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली आणि डाव्याचं एक. ज्या हातांनी तो अंधारातसुद्धा दोर ओवायचा, ते हात. मी त्याच्याकडे बघूच शकले नाही. त्याच्या चपलांकडे बघत उभी राहिले.

तो मात्र मला बघून हसला! आणि बोलायला लागला. बाई गं, मुनी बोलायला लागला. सहा महिन्यांत बोलला नसेल इतकं.

म्हणाला, यंत्र थांबलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही लोक थट्टा करताय. निरोप नको म्हणत होतो ना, म्हणून मुद्दाम अडकवून ठेवलंय आणि आता वाजतगाजत वर येणार. तासभर वाट पाहिली. मग खाली बस भरताना दिसली, तेव्हा चादर घेतली.

आणि मग म्हणाला, "सरकार, बरं झालं तू पाहिलंस."

मी म्हटलं, "काय?"

"खिडकीतून तू हात केलास ना. पिवळी शाल. लांबूनही ओळखली. मग मी चादर खाली ठेवली. म्हटलं, सरकारनं पाहिलंय, आता येतील."

तो पुढे सांगतच होता. संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिला, कारण मी पाहिलं होतं. शनिवारी सकाळी पायी निघायला हवं होतं, तेव्हा वाट मोकळी होती. तेव्हाही निघाला नाही, कारण मी पाहिलं होतं. एवढ्यात कुणी आलं आणि चुकामूक झाली तर? असा विचार करत बसला. रविवारी निघाला तेव्हा गुडघाभर बर्फ. घसरला, हातमोजे गेले, रांगत परत आला. "रस्त्यात बस बिघडली असेल ना तुमची? म्हणून उशीर झाला," असं मला विचारलं. माझ्यासाठी सबबसुद्धा त्यानंच शोधून ठेवली होती.

मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही.

तेवढ्यात कंपनीचे साहेब आले, जबाब घ्यायला. मी खाटेच्या पायाशी सरकले. साहेबांनी विचारलं, "वर जाताना तुम्ही बिल्ला वरच्या ओळीत लावला होता?" मुनीनं छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही. विसरलो. माझी चूक."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. मग सही करता येईना, म्हणून अंगठा घेतला. अंगठे शाबूत आहेत.

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "असं का सांगितलंस?" तर म्हणतो, "ऑपरेटरची नोकरी पक्की होऊन वर्ष नाही झालं. बिल्ला त्याच्या नजरेतून सुटला असेल. माझी बोटं तर गेलीच. आता नाव गेलं तर काय मोठंसं."

नाव गेलं तर काय मोठंसं! धाकटे, तुला कळायचं नाही, तुझ्या ऑफिसात खुर्चीवरून कुणी दरीत पडत नाही. पण इथे बिल्ला न लावता वर जाणारा माणूस म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळणारा. त्याला ह्या काय, कुठल्याच डोंगरावर कुणी उभं करत नाही. बोटं नसली तरी मुकादम त्याला नव्या लोकांना शिकवायला ठेवणार होता, तसं बोलूनही झालं होतं. आता तेही गेलं. बावीस हंगाम एकदाही न चुकलेला माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो, मी विसरलो.

आता ऐक. तुला गेल्या दोन पत्रांत जे लिहिलं नाही ते लिहिते.

बिल्ले मी काढले हे तुला माहीत आहे. काढायला गेले तेव्हा ऑपरेटर बाहेर चहा पीत होता. एकोणतीस बिल्ले खालच्या ओळीत होते. सतरा नंबर वरच्या ओळीत होता. मी पाहिला. मुद्दाम हात वर करून, टाचा उंचावून काढावा लागला, म्हणजे पाहिलाच. मनात आलंही, की अरे, मुनी वर आहे वाटतं. आणि लगेच दुसरा विचार आला, की गोफ बांधायचेत, भाजी लागेल, घाई कर. तो पहिला विचार तिथेच राहिला. मी बिल्ला ओच्यात टाकला.

एवढंच नाही. जेवताना ऑपरेटरनंच विचारलं होतं, "मुनी कुठाय?" आणि मी, मी सरकार, मोठ्यानं म्हणाले, "गेला असेल दुधाच्या गाडीनं. निरोपाला घाबरतो मेला." सगळे हसले. त्यानंतर कुणी विचारलं नाही. मी म्हटलं म्हणजे झालंच ना. निघताना मुनीच्या खोलीवरून गेले. दार अर्धवट उघडं होतं. मुद्दाम डोकावले नाही, रुसले होते म्हणून. डोकावले असते तर पिशवी दिसली असती.

मला कुणी विचारलंही नाही. बिल्ले मी वाटले हे तिसांनाही माहीत आहे, पण सगळ्यांना वाटतं की मी खालच्या ओळीतले काढले आणि सतरा नंबर त्यांत नव्हताच. कुठे असेल तो? मुनीच्याच खिशात, असं धरून चाललेत. आणि तो माझ्या पिशवीत आहे, तुझ्यासाठी घेतलेल्या मोज्यांच्या खाली. ते मोजे सहा वर्षं दर हंगामाला घेते आणि पाठवत नाही.

मी गप्प बसले तर ऑपरेटर परत कामावर येतो, मुनी दोषी ठरतो आणि माझं काहीच जात नाही. उद्या बसमध्ये बसू शकते. न सांगता निघायची सवय आहेच.

ताई


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकटे,

सांगितलं.

काल सकाळी कंपनीच्या ऑफिसात गेले आणि साहेबांच्या टेबलावर बिल्ला ठेवला. लाल गोफासकट. ते म्हणाले, हे काय? मी म्हटलं, सतरा नंबर. वरच्या ओळीतून मी काढला. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय?" मी म्हटलं, "लिहून घ्या, नाहीतर मी घाबरून पळून जाईन." चार पानं झाली. मी सगळ्यांवर सह्या केल्या. मला आता डोंगराच्या कामावर घेणार नाहीत. पुढे आणखी काय होईल ते साहेबांनाही माहीत नव्हतं. मुनीचा जबाब मागे घेतला जाईल, एवढं मात्र वदवून घेतलं.

बाहेर बाकड्यावर ऑपरेटर बसला होता. त्याला तिथेच सांगितलं. तो मला आजवर कधी मोठ्यानं बोललेला नाही. उभा राहिला आणि अख्ख्या ऑफिसाला ऐकू जाईल असा ओरडला, "चार दिवस मी स्वतःला वेडा समजतोय, सरकार! डोळे मिटले की फळी दिसते. बायकोला दहादा विचारलं, मला आंधळेपणा आलाय का गं?" आणि मग मटकन बसला. गळ्यातून बिल्ला काढला, माझ्या हातात दिला आणि निघून गेला. तो अजूनपर्यंत बिल्ला गळ्यात घालून हिंडत होता, बघ.

मग मुनीकडे. ते सगळ्यात कठीण होतं. बस बिघडली नव्हती, इथपासून सुरुवात केली. मी शाल कशाला हलवत होते तेही सांगितलं. चादरबाईला टाटा करत होते, असंच सांगितलं, शब्द बदलला नाही.

त्यानं हातांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बिल्ला वरच्या ओळीत दिसला होता?"

"दिसला होता."

"आणि तरी काढलास."

"हो."

"तुम्ही हसत होता, बसमध्ये?"

"हो."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी तासभर बसले. नर्सनं जेवणाचं ताट ठेवलं. तो मला भरवू देईना. नर्सच्या हातून चार घास खाल्ले, तेही भिंतीकडे बघत. आज परत गेले, तर तसाच. माझ्याशी एक शब्द नाही. आधी गप्प असायचा ते वेगळं होतं. पायरीवर बसून बटाटे सोलताना गप्प असायचा, तेव्हा सोबत वाटायची.

मला माफ कर असं त्याला म्हणायचं होतं. तोंडाशी आलं आणि गिळलं. बोटं गेलेल्या माणसाकडे काय काय म्हणून मागायचं?

ताई


२६ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

धाकटे,

आज दुपारी एकच्या बसनं मी तुझ्याकडे यायला निघाले होते. कळवलं नव्हतं. येऊन दारात उभी राहणार होते, मग तू काय करायचं ते कर. साहेबांना पत्ता तुझा दिलाय, बोलावलं की परत येईन.

सकाळी मुनीला सांगायला गेले. त्याच्या पाठीला म्हटलं, "मी आज जातेय. बहिणीकडे. सांगून जातेय." पाठ हलली नाही. मी खिडकीतल्या तांब्यात पाणी भरून ठेवलं आणि निघाले.

बस दवाखान्याच्या मागच्या रस्त्यानं जाते. मी खिडकीशी होते, शाल घट्ट गुंडाळून. ती शाल आता हातात घ्यायची भीती वाटते. मान वर करायची नाही असं ठरवलं होतं. पण केली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीत मुनी उभा होता. पांढऱ्या गठ्ठ्यातला हात वर करून हलवत होता.

बसमधल्या कुणालाही तो दिसत असेल तर काय दिसत असेल? एक पेशंट टाटा करतोय. आणि मी? मला ते काय आहे ते कळेना. बोलावतोय? दुखतंय? कुणी नाहीये का दालनात? काही राहिलंय का? माझा हात आपोआप वर जायला निघाला आणि मी तो दुसऱ्या हातानं खाली दाबून धरला.

मग मी ओरडले. थांबवा, बस थांबवा! कंडक्टर म्हणाला, "बाई, आत्ताच तर बसलात." मी म्हटलं, "माझं माणूस वर आहे!" बहुतेक मी किंचाळले असणार, कारण ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पिशवी घेतली आणि धावत सुटले. ह्या वयात, असली दाढ घेऊन, दोन जिने. नर्स आडवी आली, तिला बाजूला सारलं.

तो खिडकीशीच उभा होता. मला बघून दचकला.

मी म्हटलं, "काय झालं? काय हवंय? दुखतंय का?"

"काही नाही."

"मग हात का केलास?"

तो जरा ओशाळला. म्हणाला, "निरोप घेत होतो."

मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. सगळं दालन बघत होतं. त्या शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडले होते ते काहीच नव्हतं गं, ती नुसती हौस होती. मुनी उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "मला अजून राग आहे."

"असू दे."

"खूप आहे."

"असू दे म्हटलं ना!"

"बस गेली तुझी."

"उद्या आहे."

मग तो खाटेवर बसला, मी पायाशी. संध्याकाळी ताट आलं. त्यानं तोंड उघडलं नाही, पण भिंतीकडेही वळला नाही. मी भात कालवून घास पुढे धरला. बराच वेळ धरून ठेवला, हात भरून आला. मग खाल्ला.

उद्याच्या एकच्या बसनं निघतेय. हे पत्र आजच पेटीत टाकते, म्हणजे माझ्याबरोबरच पोचेल, कदाचित माझ्यानंतर. ह्या वेळी मोजे पिशवीत वर ठेवलेत.

आईला मी उठवायला हवं होतं. ती रडली असती, मीही रडले असते, बस चुकली असती आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बस होती. हे मला सहा वर्षं कळलं नाही. तू बरोबर होतीस.

परवा सकाळी तुझ्या गल्लीत येईन. तू गॅलरीत असलीस आणि मला बघून हात हलवलास, तर तो ये म्हणून आहे का जा म्हणून, हे मी खालून ठरवणार नाही. जिने चढून वर येईन आणि तुलाच विचारीन.

तुझी,
ताई